तापाची गोळी आणि यकृताचा पहारेकरी

घरात कुणाला ताप आला, की अम्मी डब्यातून पॅरासिटामॉल काढते. योग्य प्रमाणात ही गोळी सुरक्षित आहे. पण त्या सुरक्षिततेमागे आपल्याच पेशींत तयार होणारा एक पहारेकरी उभा असतो. त्याचे नाव ग्लुटाथायोन.

ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्ले जोडून ते बनते. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. १९२१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी त्याला हे नाव दिले. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवतात, तेव्हा काही उपद्रवी रेणूही तयार होतात. ग्लुटाथायोन त्यांना इलेक्ट्रॉन देऊन शांत करते. नंतर पेशी त्याला पूर्ववत करून पुन्हा कामाला लावते.

यकृतात त्याचा साठा भरपूर असतो. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडून निरुपद्रवी करते. गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या तर साठा आटतो आणि ते विष यकृताच्या पेशी मारू लागते.

हे नुकसान गुपचूप होते. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, कधी काहीच जाणवत नाही. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. त्यापासून शरीर नवे ग्लुटाथायोन बनवते. पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला उपयोग होतो. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळताच, माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याला दवाखान्यात न्या.

जास्त गोळ्या नेहमी मुद्दाम घेतल्या जातात असे नाही. तापाची एक, सर्दीची दुसरी, अंगदुखीची तिसरी. नावे वेगळी, पण अनेकदा आत पॅरासिटामॉलच असते. धडधाकट प्रौढांसाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, खाणेपिणे सुटले असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर मर्यादा आणखी कमी होते. ती डॉक्टरांनाच विचारा. मुलांची मात्रा वजनावर ठरते. सिरप घरच्या चमच्याने न देता बाटलीसोबतच्या मापानेच द्या.

गोळी देण्याआधी पाकिटामागचे बारीक अक्षर वाचा. वडीलधाऱ्यांना ते दिसत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या.