गच्चीवरचे ऊन आणि घरातला दिवा

हैदराबादकरांना उन्हाची वाण कधीच पडली नाही. वैशाखात गच्चीवर घातलेले पापड एका दिवसात कडकडीत वाळतात. ह्या फुकटच्या उन्हाची वीज करावी, असे आता घरोघर बोलले जाते. प्रस्तुत लेखकाने गच्चीवर पॅनेले बसविली आणि पहिल्याच महिन्यात फजिती करून घेतली. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी तापविणारा सौर बंब उष्णतेवर चालतो; वीज करणारे पॅनेल प्रकाशावर चालते. त्यात सिलिकनाच्या पातळ चकत्या असतात. चकतीच्या एका थरात फॉस्फरसाचा लेश मिसळला की तेथे इलेक्ट्रॉन वाढतात. दुसऱ्या थरात बोरॉन मिसळला की तेथे इलेक्ट्रॉनांच्या जागा रिकाम्या राहतात. दोन्ही थर जेथे भेटतात तेथे जणू एकेरी वाट तयार होते. प्रकाशाने सुटा केलेला इलेक्ट्रॉन ह्या वाटेने एकाच बाजूस ढकलला जातो, आणि परत येण्यासाठी त्याला बाहेरच्या तारेतून जावे लागते. तारेतला हा प्रवास म्हणजेच वीज. चाक फिरत नाही, धूर निघत नाही. प्रकाश इलेक्ट्रॉनांना कसा सोडवितो, ह्याची उपपत्ती आइन्स्टाइनने 1905 साली मांडली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1954 साली दाखविलेला सिलिकनाचा घट अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांची वीज करीत असे. आजची पॅनेले वीस टक्क्यांच्या वर गेली आहेत.

एका घटाचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणून पुष्कळ घट एकापुढे एक जोडतात. खरी गोम येथेच आहे. विहिरीवरून हातोहात घागरी देणाऱ्या रांगेत एक गडी थकला की सारी रांग मंदावते, तसेच पाण्याच्या टाकीची सावली दोनचार घटांवर पडली की होते. अडलेल्या घटांना बगल देण्याची सोय पॅनेलात असते, तरी घट सोसावीच लागते. आणि शेजारच्या घरावर उद्या तीन मजले चढले, तर तक्रार कोणाकडे करणार?

दुसरा शत्रू उन्हाळा. पॅनेलावर लिहिलेली शक्ती 25 अंश उष्णतामानाची असते. त्यापुढे दर अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का घटतो. मे महिन्यात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते, म्हणजे दहावा हिस्सा सहज गेला. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल असे उंच बसवावे. रामगुंडमला गोदावरीकाठच्या औष्णिक केंद्राच्या जलाशयावर 2022 साली 100 मेगावॉटचा तरंगता प्रकल्प पूर्ण झाला. तेथे पाणीच पॅनेलांना थंड ठेवते, आणि त्यांच्या सावलीने पाण्याची वाफही कमी होते. धूळ हा तिसरा शत्रू. पण तो पाण्याने व मऊ फडक्याने हटतो.

आता फजिती. एका संध्याकाळच्या आधी, चांगले ऊन असताना, गल्लीतली वीज गेली. आम्ही ऐटीत पंख्याचे बटण दाबले. पंखा ढिम्म! बसविणाऱ्याने हे आधी सांगितले नव्हते. पॅनेलाची वीज एकदिश असते. इन्व्हर्टर तिला घरच्या विजेसारखी करून बाहेरच्या तारांशी जोडतो. बाहेरची वीज गेली की हा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. नाहीतर खांबावर चढलेल्या कामगाराला आपल्या विजेचा धक्का बसेल. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरी आणि तिला चालेल असा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि खर्च बराच वाढतो.

लाभ मात्र खरा आहे. एक किलोवॉटाला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटे मिळतात, आषाढ-श्रावणात कमी. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते व बिलात वळती होते. केंद्र सरकारच्या 2024 सालच्या योजनेत घरगुती तीन किलोवॉटांपर्यंत 78,000 रुपयांचे साहाय्य ठरविले आहे. पॅनेले पंचवीस वर्षे टिकतात, इन्व्हर्टर मात्र मध्येच एकदा बदलावा लागतो. पुढे ह्या जुन्या काचांचे काय करावयाचे, हा प्रश्न पुढच्या पिढीच्या माथी आहे.

ज्यांना बसवावयाची असतील त्यांनी पैसे देण्यापूर्वी मार्गशीर्षात, सूर्य दक्षिणेस कललेला असताना, सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता गच्चीवर जावे आणि टाकीची, जिन्याच्या खोलीची व शेजारच्या घराची सावली कोठवर येते ती खडूने आखून ठेवावी. त्या रेघांच्या बाहेर जेवढी जागा उरेल, तेवढीच पॅनेलांची.