झाकलेली गाडी, उघडी चर्चा

नव्या गाडीची चर्चा झरी जामणी तालुक्यात शोरूमच्या कितीतरी आधी मोबाइलवरून पोचते. ती अगदीच हवेतली नसते. महिंद्राची पाच दारांची थार काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आवरणाखाली महिनोन्‌महिने रस्त्यांवर चाचण्या देत होती. तेव्हाचे तिचे फोटो खरेच होते. मारुतीची पाच दारांची जिम्नी 2023 मध्ये आल्यावर तर थारही तशी येणार हा अंदाज बांधणं सोपंच झालं. नावावरून मात्र सगळे फसले. ‘थार अर्माडा’ जवळजवळ पक्कं धरलेलं, आणि ऑगस्ट 2024 मध्ये आली ‘थार रॉक्स’! कंपन्या अनेक नावं ट्रेडमार्कसाठी नोंदवून ठेवतात, ती यादी कुणालाही पाहता येते. वापरलं जातं त्यातलं एखादंच.

बजाजच्या सीएनजी मोटारसायकलचं तेच. आधी ‘ब्रुझर’ म्हणून गाजली, 5 जुलै 2024 ला पुण्यात ‘फ्रीडम 125’ म्हणून अवतरली. फोटोतल्या दारांवर, चाकांवर विश्वास ठेवावा. घोषणेआधीच्या किमतीवर बिलकुल नाही. आणि तालुक्यातल्या गिऱ्हाइकाने नावापेक्षा सीएनजी पंप किती लांब आहे ते आधी विचारावं, कारण या गाडीची पेट्रोलची टाकी जेमतेम दोन लिटरची आहे.