तुरीच्या मुलखातून स्वालबार्डकडे

हुमनाबादहून हैदराबादची बस धरली की झहीराबाद, संगारेड्डी मागे टाकत ती पटनचेरूला येते. महामार्गाला लागूनच इक्रिसॅटचं विस्तीर्ण आवार आहे. १९७२ साली सुरू झालेल्या या संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग यांचे हजारो वाण गारव्यात जपून ठेवलेले आहेत. औराद-भालकीपासून आळंद-चिंचोळीपर्यंतच्या सीमाभागातल्या शेतकऱ्याला ही नावं नव्याने सांगायला नकोत. ऊस आणि सोयाबीन कितीही पसरलं, तरी घरातली कणगी अजून यांनीच भरते. या वाणांचा एक जादा संच संस्थेने फार लांब ठेवला आहे. तो आहे नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, डोंगराच्या पोटात, उणे १८ अंश तापमानात.

२६ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झालेलं हे बियाणं-कोठार बँकेच्या लॉकरसारखं चालतं. जागा नॉर्वेची, पण पेटी ज्याची त्याची, आणि ती दुसऱ्याने उघडायची नाही. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची जनुकपेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये ती चालवणाऱ्या संस्थेने इथूनच आपलं बियाणं परत नेलं आणि पुन्हा पेरलं. म्हणजे हे कोठार नुसतं शोभेचं नाही.

तर दख्खनची ज्वारी-तूर तिकडे कधीच पोचली आहे. तिच्या मागोमाग जायची हौस आता इकडच्या डोंगरभटक्यांनाही वाटू लागली, तर त्यात नवल नाही. लडाख, सांदकफू, केदारकंठा झाले की नजर नकाशाच्या वरच्या कडेकडे जातेच. पण हिमालयातल्या ट्रेकची तयारी पायांपासून सुरू होते, स्वालबार्डची कागदांपासून. ज्यांना हे जाता जाता कळतं, त्यांची सहल ऑस्लोच्या विमानतळावरच अडते.

आधी जागा नीट समजून घ्यावी. बीदर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर, तर स्वालबार्ड ७४ ते ८१ अंशांच्या मध्ये. क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे कर्नाटकाच्या जवळजवळ एक तृतीयांश. त्यातला सुमारे ६० टक्के भाग हिमनद्यांखाली. एवढ्या मुलखात राहणारी माणसं तीन हजारांच्या आत, आणि त्यातली बहुतेक लाँगइयरब्येन या एकाच गावात. जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी हे गाव वसवलं. इथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली, पण खाणीची एक रीत उरली आहे. कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून बूट दाराबाहेर काढायची सवय पडली, आणि आजही अनेक हॉटेलांत, संग्रहालयात बूट काढूनच आत जावं लागतं. आपल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मोजे मात्र फाटके नसावेत.

गावाबाहेर गावं जोडणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट किंवा पाय, हिवाळ्यात बर्फावरची स्कूटर.

आता कागद. १९२० साली ९ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. बेटांवर सत्ता नॉर्वेची, पण सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना तिथे जाण्या-राहण्याची आणि धंदा करण्याची सारखी मुभा, असा हा विलक्षण करार. ब्रिटिश साम्राज्याच्या सहीत हिंदुस्थानही होता. (बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, तेव्हा निजामाच्या राज्यात होते, हा तपशील इतिहासाच्या मास्तरांसाठी.) त्यामुळे भारतीय माणसाला खुद्द स्वालबार्डसाठी व्हिसा लागत नाही. हे वाचून अनेकजण हुरळतात. पण तिथे जाणारी नेहमीची विमानं ऑस्लो किंवा ट्रोम्सोहूनच सुटतात, आणि नॉर्वेत पाऊल ठेवायला युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक असा शेंगेन व्हिसा हवाच. खरी मेख पुढे आहे. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यामुळे तिकडे निघालं की माणूस शेंगेनमधून बाहेर पडतो, आणि परतताना त्याला पुन्हा आत यायचं असतं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेतलेला माणूस बेटावर पोचेल, पण घरी यायची वाट बंद. अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि हाती आलेल्या पासपोर्टवरचा शिक्का चष्मा लावून वाचावा. शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. पण डोंगरात अडकल्यावर सुटकेसाठी येणाऱ्या हेलिकॉप्टरचा खर्च त्यात धरलेला असेलच असं नाही. लाँगइयरब्येनच्या आसपासचा ठरलेला टापू सोडून स्वतंत्रपणे पुढे जायचं, तर तिथल्या राज्यपालांना आधी कळवावं लागतं आणि शोध-बचावाचा विमा दाखवावा लागतो. गावातलं रुग्णालय लहान आहे. मोठं दुखणं आलं की रोग्याला ट्रोम्सोला हलवतात.

कधी जायचं? एप्रिलच्या वीस तारखेपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लाँगइयरब्येनला सूर्य मावळतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही, आणि डोंगरांच्या आडोशामुळे खुद्द गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सारं गाव जुन्या रुग्णालयाच्या पायरीपाशी जमून त्याचं स्वागत करतं. पायी भटकायला जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बरा. त्यातही जूनमध्ये उतारांवर बर्फ शिल्लक असतं, जुलैत वितळलेल्या पाण्याने ओढे फुगतात. ऑगस्ट सर्वांत सोयीचा. जुलैचं सरासरी तापमान सहा-सात अंश. मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे तापणाऱ्या कलबुर्गीतून निघालेल्या माणसाला हा तिथला ‘उन्हाळा’ आहे हे पटायला वेळ लागतो.

गंमत म्हणजे ही जागा कोरडी आहे. लाँगइयरब्येनला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून साधारण दोनशे मिलिमीटर पाणी पडतं. कलबुर्गीला आपण दुष्काळी म्हणतो, पण तिथला पाऊस याच्या कितीतरी पट. जमीन खोलवर कायमची गोठलेली, उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सैल होतो आणि पाय रुततात. झाड एकही नाही. ध्रुवीय विलो नावाची वनस्पती आहे, पण तिची उंची बोटभर. आडोसा, सावली, ओळखीचं झाड अशी कुठलीच खूण नसल्यामुळे अंतर डोळ्याला कळत नाही. समोरचा डोंगर तासाभरावर वाटतो आणि निम्मा दिवस खातो.

आणि अस्वल. पांढरं अस्वल हा इथल्या प्रत्येक बेतातला पहिला प्रश्न आहे, शेवटचा नव्हे. बारेंट्स समुद्राच्या टापूत त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास धरतात, त्यातली सुमारे तीनशे स्वालबार्डमध्येच मुक्काम करणारी. २०११ मध्ये हिमनदीजवळ तळ ठोकलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या तंबूंवर अस्वल आलं, एक मुलगा दगावला. २०२० च्या ऑगस्टमध्ये विमानतळाजवळच्या तंबूतळावर एकाचा जीव गेला. म्हणजे गाव जवळ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. वस्तीबाहेर पडताना अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि बंदूकही बाळगावी असं प्रशासन सांगतं. बंदूक भाड्याने मिळते, पण त्यासाठी परवाना आणि ती चालवायचा सराव लागतो. भारतातल्या बहुतेक हौशी माणसांकडे दोन्ही नसतं. तेव्हा सशस्त्र वाटाड्या घेणं हा कमीपणा नाही. एकट्याने पाठपिशवी टाकून निघण्याचा रोमँटिक बेत इथे सरळ चुकीचा आहे.

अस्वल पाहायला म्हणून जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो एक पिवळसर ठिपका दिसेल. त्यावर समाधान मानावं.

नियमांच्या बाबतीत नॉर्वेजियन माणूस ढिला नाही. १९४६ पूर्वीची माणसाची कुठलीही खूण तिथे आपोआप संरक्षित आहे, मग ते शिकाऱ्याचं खोपट असो, व्हेलचं तेल काढायची भट्टी असो की वाळूत पडलेला गंजका खिळा. बहमनींच्या बीदरात किल्ल्याच्या भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावं पाहिली, की असा एखादा कायदा इकडेही कडकपणे राबवावा असं वाटल्याशिवाय राहत नाही.

वाटा कुठल्या? पहिल्या खेपेला लाँगइयरब्येनमध्ये मुक्काम ठेवून एकेका दिवसाच्या चढाया कराव्यात. गावाच्या डोक्यावर प्लाटोफिएल नावाचं पठार आहे. दोन हिमनद्यांच्या मधला सार्कोफागेन ५१२ मीटर, तर ट्रोलस्टाइनेन ८४९ मीटर. कळसूबाई १६४६ मीटरची असताना हे आकडे किरकोळ वाटतात, पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि पायाखाली सुटी खडी असते. लाँगइयर हिमनदीच्या कडेच्या दगडगोट्यांत पानांचे जीवाश्म सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे रुंद पानांची जंगलं होती. आज बोटभर विलो असलेल्या जमिनीवर बसून ती पानं पाहणं, हा त्या चढाईतला सर्वांत मोलाचा अर्धा तास. मात्र बियाणं-कोठार आतून पाहायला मिळत नाही. आपल्या तुरीचं दार बाहेरूनच पाहून परतायचं.

सरावासाठी बीदरच्या तटावरची फेरी किंवा चिंचोळीच्या अभयारण्यातली टेकाडं पुरेशी नाहीत. श्रावण-भाद्रपदात, निसरड्या वाटांवर, पाठीवर दहा किलो घेऊन सह्याद्रीत दोन-चार चढाया झाल्या पाहिजेत. ओल्या बुटात दिवसभर चालायची सवय तिथेच होते. कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवावी. सूत ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. आत लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. झोपायला डोळ्यांवरची पट्टी. आर्क्टिक सुरय पक्ष्यांची घरटी जवळ असली तर ते डोक्यावर झडप घालतात; तेव्हा काठी डोक्यापेक्षा उंच धरावी, म्हणजे ते उंच टोकावर हल्ला करतात.

खाण्याच्या बाबतीत सीमाभागातला माणूस नशीबवान. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांच्याइतकी हलकी, टिकाऊ शिदोरी दुकानात मिळणार नाही. नॉर्वेत युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून खवा, पेढे, तूप सोडून बाकीचं घ्यावं. गावाबाहेर मोबाइलची रेंज संपते आणि उपग्रह फोन लागतो, पण तो तिथेच भाड्याने घ्यावा. परवान्याशिवाय असा फोन भारतात बाळगणं गुन्हा आहे.

सवड असेल तर बोटीने नी-ओलेसुंद गाठावं. १९२६ च्या मे महिन्यात ध्रुवसंशोधक अमुंडसेनचं हवाई जहाज ‘नॉर्गे’ इथूनच ध्रुवाकडे झेपावलं, आणि ते बांधायचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. १९६२ मध्ये कोळसा खाणीच्या स्फोटात २१ कामगार गेले आणि पुढच्या वर्षी त्यावरून नॉर्वेचं सरकार कोसळलं. आता हे संशोधकांचं गाव आहे. संवेदनशील उपकरणांमुळे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. इथेच भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. १ जुलै २००८ रोजी त्याचं उद्‌घाटन झालं. गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था ते चालवते. डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातही राहू लागले. शेजारच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पाण्यात २०१४ मध्ये सोडलेली ‘इंडआर्क’ ही यंत्रणा समुद्राचं तापमान, क्षारता नोंदवते. आर्क्टिकचं बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचा धागा शोधणं हा या कामाचा एक हेतू. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या तूर उत्पादकाचा स्वालबार्डशी असलेला हा दुसरा संबंध, आणि बियाण्यापेक्षा तो जास्त निकडीचा आहे.

पुढच्या ऑगस्टचा बेत असेल, तर दिवाळीचा फराळ संपताच पासपोर्ट काढून पाहावा. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे फेब्रुवारीत. वाटाड्याची जागा मात्र त्याच्याही आधी धरून ठेवावी.