मळवलीत छापलेले देव

कोकणातल्या जुन्या घरांत माजघराच्या भिंतीवर कमळात उभी असलेली लक्ष्मी अजूनही दिसते. चित्र राजा रविवर्म्याचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यामागचे जर्मन हात मात्र कुणाच्या फारसे लक्षात राहिले नाहीत.

चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला रविवर्म्याला तंजावरी मराठी दिवाण टी. माधवराव यांनी दिला होता. 1894 मध्ये गिरगावात छापखाना उभा राहिला. यंत्रं जर्मनीहून आली, तंत्रज्ञही तिथलेच. शिळाछापाची कलाच मुळी 1796 मध्ये बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डरने शोधलेली.

काम भलतं चिकाटीचं. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं. शिळा ओली केली की शाई फक्त त्या रेषांना धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा! कागद दर वेळी नेमक्या त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी देवीचा डोळा बिघडला. भिंग धरून पाहिलं तर लक्ष्मीच्या गालावर बारीक ठिपक्यांची दाटी दिसते. ते ठिपके कारागिरांनी हाताने घातलेले आहेत.

पुढे प्लेगने मुंबई हादरली, कर्ज वाढलं. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखान्यातल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. 1906 मध्ये रविवर्मा गेले, तरी छपाई थांबली नाही. श्लायशरने धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही छापली, जाहिरातींची कामं घेतली. दादासाहेब फाळक्यांनीही उमेदीच्या काळात या छापखान्याचं काम केलं. देव घरोघरी पोचले याचं श्रेय चित्रकाराइतकंच श्लायशरलाही द्यायला हवं. 1972 च्या आगीत छापखाना जळाला.

उरल्या त्या भिंतींवरच्या प्रती. आंबोलीसारख्या धो धो पावसाच्या गावात कागदाला ओल आणि कसर दोन्ही छळतात. चौकट फुटली की तसबीर नदीत सोडायची किंवा वडाखाली ठेवायची, ही आपली रीत. तसं करण्याआधी चित्राच्या खालच्या कडेला ‘रविवर्मा प्रेस’ असं इंग्रजीत छापलंय का, ते पाहा. असेल तर ती प्रत कोरड्या जागी ठेवा, ओल्या भिंतीला टेकवू नका आणि एखाद्या संग्रहालयाला विचारल्याशिवाय विसर्जन करू नका.