सूक्ष्म रेषांचे मोल

गुरुग्रामजवळच्या मानेसर येथे 'आधार'चे माहिती-केंद्र आहे. असे विशाल साठे थोड्या जागेत मावावेत, म्हणून शास्त्रज्ञांनी होलोग्राफीचाही अभ्यास केला. डेनिस गॅबर यांनी १९४७ साली शोधलेल्या या तंत्रात प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून चित्र नोंदले जाते. भिंगाच्या नाभीय प्रतलात चित्राचा स्थूल आकार, म्हणजेच कमी अवकाशीय वारंवारता, मध्यभागी एकवटतो. सूक्ष्म तपशील, म्हणजेच उच्च वारंवारता, भोवती पसरतात. लहान छिद्रातून केवळ मधला प्रकाश नोंदल्यास जागा वाचते. परंतु कडा पुसट होतात, शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. बोटाच्या ठशाचा आकार उरतो, पण ओळख पटवणाऱ्या रेषा हरवतात. म्हणून जागेच्या काटकसरीला स्पष्टतेची मर्यादा पाळावीच लागते.