सांगलीच्या उन्हात चॉकलेटची पाकळी

कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारचे. त्यातला पाचवाच कामाचा. तोच मिळावा म्हणून डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसला वितळवून २७-२८ वर उतरवतात, पुन्हा ३१-३२ वर आणतात. हेच टेम्परिंग. साधलं तर चकाकी येते, तुकडा कटकन मोडतो. फसलं तर पांढुरके डाग. एप्रिल-मेत सांगलीचा पारा चाळिशीकडे धावतो, तेव्हा एसीशिवाय सजावटीची पाकळी उभीच राहत नाही. यावर सोपा पर्याय कंपाउंड चॉकलेटचा: त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. टेम्परिंगची कटकट नाही. चव मेणचट, पण शिकाऊ हातानं पंखे, वेटोळी आधी त्याचीच करावीत. बिघडलेलं पुन्हा वितळवता येतं; फक्त त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नये, लगदा होतो.