सर्व्हरचे उष्णतामान

चेन्नईच्या नुंगमबाक्कम वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला. अशा दिवशी माणूस सावली शोधतो. अनेकांच्या कामाचा भार वाहणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, ती सोय नसते. त्यात शिरलेली वीज जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. पाच किलोवॉटचे सर्व्हर बंद खोलीत ठेवणे म्हणजे एकेक किलोवॉटच्या पाच शेगड्या अहोरात्र पेटत्या ठेवणेच होय. म्हणून त्यांत शिरणारी हवा साधारणतः १८ ते २७ अंशांची असावी असा संकेत आहे, आणि ती तशी राखणे हे वातानुकूलन यंत्राचे काम.

परंतु घात उन्हाळ्यातच होतो असे मात्र नव्हे. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आले आणि शहराच्या मोठ्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली की पुष्कळ कचेऱ्यांत एक चमत्कारिक प्रकार घडतो. सर्व्हर यू.पी.एस.च्या बॅटरीवर चालूच राहतो. वातानुकूलन यंत्राला मात्र त्या बॅटरीचा आधार नसतो. शेगडी पेटती आणि खिडक्या बंद! काही मिनिटांतच खोली तापू लागते. बॅटरी जितकी मोठी तितका हा धोका अधिक, ही गोष्ट खरेदीची टिपणी लिहिणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

प्रोसेसर फार तापला की प्रथम आपला वेग कमी करतो, आणि शेवटची मर्यादा ओलांडताच तत्क्षणी बंद पडतो. त्याने तो स्वतः वाचतो. अर्धवट लिहिलेली नोंद वाचेलच असे नाही. म्हणून त्या क्षणाच्या पुष्कळ आधी, क्रमाने थांबण्याची व्यवस्था करावी लागते. एक छोटा प्रोग्रॅम दर मिनिटाला उष्णतामान वाचतो. आत शिरणारी हवा, समजा, तिसावर गेली, की तो संबंधितांना संदेश धाडतो. ती पस्तिसावर जाऊन काही मिनिटे तेथेच राहिली, तर तो नवी कामे नाकारतो, डेटाबेस नीट मिटवतो आणि मगच यंत्र बंद करतो. हे आकडे उदाहरणादाखल. खरे आकडे निर्मात्याने दिलेली मर्यादा पाहून ठरवावेत. एकाच उष्णतामापकावर विसंबू नये. मापकाकडून वाचन येईनासे झाले, तर तीही धोक्याचीच सूचना मानावी. आणि यंत्र पुन्हा सुरू करणे माणसाच्या हाती ठेवावे. खोली खरोखर थंड झाली आहे काय, हे त्याने आधी पाहावे.

लंडनमध्ये १९ जुलै २०२२ रोजी पारा चाळिशीपार गेला, तेव्हा गायज अँड सेंट थॉमस रुग्णालयाची संगणकव्यवस्था कोलमडली आणि डॉक्टरांना कागदावर काम करावे लागले. रुग्णाच्या नोंदी आधी थांबवाव्यात की वेतनपत्रके, हे यंत्राला ठाऊक नसते. तो क्रम अधिकाऱ्याने आधीच लेखी ठरवून द्यावा लागतो, आणि वर्षातून एकदा, सुटीच्या दिवशी, मर्यादेचा आकडा मुद्दाम खाली आणून सर्व काही त्याच क्रमाने मिटते की नाही, हे समक्ष उभे राहून पाहावे लागते.